सांबर आणि साडेतीनशे किलो

पहिल्यांदा ट्रक माझ्या हातात आला तो नव्वद मिनिटांसाठी, तोही फुकट. जपानमध्ये घरदुरुस्तीचं सामान विकणारी प्रचंड दुकानं असतात, त्यांना होम सेंटर म्हणतात. तुम्ही फळ्या, सिमेंट, मातीची पोती घेतलीत आणि ती तुमच्या गाडीत मावत नसली, तर दुकान तुम्हाला तास-दीड तासासाठी आपला छोटा ट्रक देतं. लायसन्स दाखवायचं, कागदावर सही करायची, सामान घरी टाकून गाडी परत आणायची. आम्ही टोकियोतलं निशिकासाई सोडून नागानोत एक जुनं, रिकामं पडलेलं घर घेतलं, त्या पहिल्या उन्हाळ्यात मी हा ट्रक इतक्या वेळा नेला की काउंटरवरची मुलगी माझ्या हातातल्या पावतीकडे न बघताच किल्ली काढायला लागली. एकदा पावतीवर फक्त कुंडीतल्या मातीचं एक पोतं होतं. तिने पावती बघितली, मी तिच्याकडे बघितलं, आणि आपल्याला आता स्वतःचा ट्रक लागणार हे मला कळून चुकलं.

ट्रक म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते इथे पुसून टाकावं लागतं. ही गाडी म्हणजे केइतोरा. 'केइ' म्हणजे हलका, 'तोरा' हे ट्रकचं जपानी तोंडात झालेलं रूप. लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48, उंची 2 मीटर, इंजिन 660 सीसी, वजन लादायचं जास्तीत जास्त 350 किलो. कुठल्याही कंपनीची घ्या, या चौकटीबाहेर गेली की ती केइ राहत नाही आणि कर, विमा, तपासणी सगळंच बदलतं. चौकट एका दिवसात आखलेली नाही. आधी 360 सीसी, 1976 साली 550, 1990 साली 660, आणि लांबी-रुंदीचे आजचे आकडे 1998चे. पुढे दोन माणसांची केबिन, मागे सपाट हौदा, हौद्याला तिन्ही बाजूंनी खाली पडणारे फाळके. आपल्या छोट्या हत्तीची ही जपानी मावसबहीण, फक्त वयाने बरीच मोठी. रंग बहुतेक पांढरा. भातशेतीच्या बांधावर, देवळाच्या मागे, शाळेच्या वळणावर, जिकडे बघाल तिकडे पांढरा केइतोरा उभा असतो. इतके असताना आपल्याला एक मिळायला काय अडचण आहे, असं मला वाटलं होतं.

पहिली अडचण माझ्याच पाकिटात होती.

भारतातलं लायसन्स जपानी करून घेताना लेखी आणि गाडी चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मी टोकियोत असताना ती दिली. चालवण्याच्या परीक्षेला ऑटोमॅटिक घेणार की गिअरची, असं विचारलं, तेव्हा लवकर सुटावं म्हणून मी ऑटोमॅटिक म्हणाले. परिणामी लायसन्सवर एक ओळ छापून आली: सामान्य गाडी, फक्त ऑटोमॅटिक. बारा वर्षं गिअरची गाडी चालवलेल्या बाईला जपान सरकारने एका ओळीत क्लच विसरायला लावला होता. शहरात त्या ओळीकडे बघायची वेळच आली नाही आणि होम सेंटरचा ट्रक नेमका ऑटोमॅटिक होता. पण आमच्या बजेटातल्या जुन्या केइतोरांमध्ये दहातले आठ-नऊ तरी पाच गिअरचे. मग ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन ती अट काढून घ्यायची. त्याला किमान चार तास शिकावं लागतं आणि मग शेवटची परीक्षा. शिकवणारा मुलगा माझ्या पहिल्या लायसन्सनंतर जन्मला असावा. "डावा हात गिअरवर ठेवून चालवू नका," हे तो मला पहिल्या तासाला चार वेळा म्हणाला. चौथ्या वेळी अगदी नम्रपणे, मान खाली घालून. मला त्याची दया आली आणि मी हात उचलला. दोन मिनिटांनी तो आपोआप परत तिथे गेला.

अट निघाली. आता बाजार.

जुन्या केइतोराचा बाजार हा गंजाचा बाजार आहे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून इथे क्षार टाकतात. चाकांनी ते पाणी उडतं आणि गाडीच्या पोटाला चिकटतं, त्यामुळे इंजिन ठणठणीत असताना खालचं लोखंड पापडासारखं होतं. जपानी लिलावात जाणाऱ्या गाड्यांना एक तपासणी-पत्रक असतं. त्यावर गाडीचा बाहेरून काढलेला नकाशा आणि त्यात इंग्रजी अक्षरं: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंज लागून लोखंड खायला लागलेलं. एस चालतो. सी दिसला की पुढचं पान. पण त्या नकाशात बाजू दिसतात, पोट दिसत नाही, त्यामुळे शेवटी जमिनीवर पाठ टेकून आत बघण्याला पर्याय नाही.

मी एका विक्रेत्याकडे दीड तास ड्राइव्ह करून गेले होते. ट्रक चकचकीत, हौद्यात नवीन रबरी चटई, किंमत 35 मान, म्हणजे साडेतीन लाख येन. (इथे हिशोब दहा-दहा हजारांच्या 'मान'मध्ये चालतो. लाखात विचार करणाऱ्या मराठी डोक्याला एक शून्य इकडून तिकडे करताना अजूनही घाम फुटतो.) विक्रेता सगळी माहिती नवऱ्याला देत होता. नवरा बिचारा दोनदा म्हणाला, "ट्रक हिला हवाय." विक्रेत्याने माझ्याकडे बघून गोड हसून घेतलं आणि टॉर्क किती ते परत नवऱ्यालाच सांगितलं. मी मधल्या वेळात खाली वाकले. चेसिस काळी कुळकुळीत, ताज्या रंगाचा वास. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला मी नखाने सहज टोकरलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याच्यासोबत चेसिसचाही थोडा भाग निघाला. तो तुकडा मी रुमालात घेतला, उठले, आणि टॉर्कबद्दल बोलणाऱ्या त्या गृहस्थासमोर टेबलावर ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला. आम्ही चहा पिऊन निघालो.

चांगल्या गाड्या होत्या, नाही असं नाही. समुद्रापासून दूर, बर्फ नसलेल्या दक्षिणेकडच्या गाड्या स्वच्छ असतात, पण त्या इकडे आणायचा खर्च वेगळा. शिवाय आता अमेरिकेतल्या लोकांनाही या खेळण्यांचं वेड लागलंय. तिथे 25 वर्षांहून जुनी झालेली परदेशी गाडी आयातीच्या सुरक्षा-नियमांतून सुटते, म्हणून नव्वदीच्या दशकातले केइतोरा बोटी भरून जातात. इथे पंचवीस वर्षं शेणखत वाहिलेला ट्रक टेक्ससमध्ये जाऊन शौकीन माणसाचा लाडका होतो. त्याच्या नशिबाबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्याकडच्या किमती त्याने चढवल्या, असं इकडचे विक्रेते सांगतात, आणि विक्रेत्यांना कारण हवंच असतं.

या शोधात मला सांबर भेटलं.

केइतोराची नावं मजेदार आहेत. सुझुकीचा कॅरी, दाइहात्सूचा हायजेट, होंडाचा अ‍ॅक्टी. आणि सुबारूचा 'सान्बा'. जपानी उच्चारात शेवटचा र गळतो, त्यामुळे मला वाटलं ब्राझीलचा सांबा नाच असेल. मग एकदा गाडीच्या मागच्या फाळक्यावर रोमन अक्षरांत लिहिलेलं वाचलं आणि पोटात खड्डा पडला, कारण मी वाचलं 'सांबार' आणि जेवायची वेळ झाली होती. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की नाव खरोखर आपल्या सांबराचं आहे, जंगलातल्या त्या मोठ्या शिंगांच्या हरणाचं. 1961 साली एका जपानी कंपनीने आपल्या सगळ्यात छोट्या ट्रकला आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या हरणाचं नाव दिलं. त्यानंतर मला दुसरा कुठला ट्रक दिसेनाच. नवरा म्हणाला, "नावासाठी गाडी घेणार आहेस?" मी म्हणाले, नाही, इंजिनासाठी. तोपर्यंत मी तेवढा अभ्यास केला होता.

सांबराचं इंजिन मागे, चाकांच्याही मागे असतं. बाकीच्यांचं साधारण सीटखाली, होंडाच्या अ‍ॅक्टीचं हौद्याखाली मध्यावर. वजन मागे असल्यामुळे हौदा रिकामा असतानाही मागची चाकं चढावर घसरत नाहीत. शिवाय 1990 पासूनच्या सांबराला चार सिलिंडर, जिथे इतरांचं तिनात भागतं. त्यामुळे आवाज खरखरीत नाही, गुरगुरल्यासारखा. चारही चाकांची सस्पेन्शन स्वतंत्र, म्हणून सफरचंदं कमी आपटतात. लोक याला 'शेतवाटेवरची पोर्शे' म्हणतात, कारण तिचंही इंजिन मागे. अ‍ॅक्टीवाले मग गप्प का बसतील, ते आपल्या गाडीला 'शेतवाटेवरची फेरारी' म्हणतात. सुबारूने स्वतः हा ट्रक बनवणं फेब्रुवारी 2012 मध्ये थांबवलं. त्यानंतरचे सांबर म्हणजे नाव सांबराचं आणि गाडी दाइहात्सूची. होंडानेही 2021 मध्ये अ‍ॅक्टी बंद केला. म्हणजे मी ज्याच्या मागे लागले होते ते जनावर आता जन्मालाच येत नव्हतं, आणि जे होतं ते गंजत होतं.

आमच्या घरापासून तिसऱ्या घरातल्या आजोबांकडे सांबर होतं. हे मला माहीत होतं, रोज दिसत होतं. पण ते विकत घ्यावं हे डोक्यात आलं नाही, जसं शेजाऱ्याची भिंत आपण विकत घ्यायचा विचार करत नाही. 2006चा ट्रक, शेतकरी सहकारी संस्थेमार्फत विकलेला, शेतकऱ्यांसाठी म्हणून काढलेल्या मॉडेलचा. आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांची सफरचंदाची बाग आमच्या मागच्या उतारावर. सकाळी पावणेसहाला तो ट्रक खाली जायचा आणि मी त्यावर घड्याळ लावायचे.

गाठ बांधायला मला त्यांनीच शिकवलं होतं. होम सेंटरच्या उसन्या ट्रकवर मी चार मीटरचे वासे घेऊन आले होते आणि ते मी अशा काही बांधले होते की आजोबा रस्त्यात थांबून हात मागे बांधून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हे तू बांधलंस की दोराने स्वतःच ठरवलं?" चार मीटरचा वासा केइतोरावर नेणं हा एक हिशोब आहे. सामान गाडीच्या लांबीच्या सव्वापटीहून जरा कमी, म्हणजे 1.2 पट चालतं. 3.4 मीटरच्या गाडीला 4.08. पण पुढे आणि मागे प्रत्येकी एक दशांशाहून जास्त, म्हणजे 34 सेंटिमीटरहून जास्त बाहेर आलेलं चालत नाही. हौदा जेमतेम 1.9 मीटरचा. मग वासे तिरके ठेवायचे: खालचं टोक मागच्या फाळक्यापाशी, वरचं केबिनच्या टपावरून पुढे. केबिनच्या मागे हौद्याला एक लोखंडी चौकट असते, वासे तिच्यावर टेकतात. या चौकटीला तोरिइ म्हणतात. तोरिइ म्हणजे शिंतो देवळासमोरचं ते लाल कमानीसारखं दार. चौकट तशीच दिसते, दोन खांब आणि वर आडवी पट्टी, म्हणून ते नाव. देवळाचं दार ट्रकवर बसवून त्यावर वासे टेकवणारी ही माणसं.

आजोबांनी माझ्या सगळ्या गाठी सोडल्या. दोराचं एक टोक हौद्याच्या कडेखालच्या आकड्याला अडकवलं, दोर वाशांवरून पलीकडे टाकला, पलीकडे गेले. तिथे छातीच्या उंचीवर दोराचा एक छोटा फासा केला, त्याला दोन पिळे दिले, खाली मोकळ्या दोराची एक लूप त्यातून काढली, ती लूप आकड्यात घातली आणि उरलेलं टोक धरून अंगाचं वजन टाकलं. त्यांचं वजन पन्नास किलोही नसेल. वासे कुरकुरले आणि एकमेकांना चिकटले. नान्किन-मुसुबी म्हणतात या गाठीला. गंमत म्हणजे सोडताना ती एका झटक्यात सुटते, निरगाठ कुठेच राहत नाही. त्यांनी झटका देऊन सोडली आणि दोर माझ्या हातात दिला. मला ती जमायला सात प्रयत्न लागले. आजोबा सातही वेळा उभे होते, बोलले मात्र काही नाहीत.

त्या वर्षी नोव्हेंबरात, बागेतल्या पाट्या उचलायला मी मदतीला गेले होते. एक क्रेट 20 किलोचं. सतरा क्रेट झाली की 340 किलो, म्हणजे संपलं. अठरावं क्रेट मी उचललं तर आजोबा म्हणाले, "नको. मी बसलो तर जड होईल." पोलीस नव्हता, वजनकाटा नव्हता, खाजगी वाट होती. साडेतीनशे म्हणजे साडेतीनशे. वीस वर्षं गाडी अशी चालवली तर तिचे स्प्रिंग का बसतील?

मार्चमध्ये एका सकाळी पावणेसहाला ट्रक खाली गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी मुळ्याची जुडी घेऊन उगाच त्यांच्याकडे गेले. आजोबा ओसरीवर बसले होते. त्यांनी खिशातून एक कार्ड काढून मला दाखवलं, लायसन्ससारखंच, फोटोही तसाच. मी म्हटलं, नवीन काढलंत? ते म्हणाले, "परत दिलं." इथे वय झालं की लायसन्स आपणहून पोलिसांना परत करता येतं. पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणीही असते. आजोबा ती पास झाले होते, तरी देऊन आले. देवळाच्या दगडी खांबाला त्यांचा फाळका घासला होता. फार नाही, बोटभर. खांबाला काही झालं नाही. पण तिथून सकाळी शाळेची मुलं जातात, इतकंच ते म्हणाले. लायसन्स परत केल्यावर सरकार जे कार्ड देतं त्याचं नाव साधारण असं होतं: वाहन चालवल्याच्या इतिहासाचा दाखला. म्हणजे या माणसाने कधीकाळी गाडी चालवली होती, याला सरकार साक्षी.

आजी आत भांडी घासत होत्या. पाण्याचा आवाज बंद झाला.

"ट्रक तुला हवाय ना," आजोबा म्हणाले. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. तीन महिने मी प्रत्येक विक्रेत्याला विचारलेले प्रश्न, टायमिंग बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलला का, शाकेन कधीपर्यंतची आहे (ही दर दोन वर्षांची सरकारी तपासणी, तिच्याशिवाय गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही), गंज कुठे आहे, त्यातला एकही मला विचारता येईना. आजोबांनीच सांगितलं. बेल्ट बदललाय. शाकेनला चौदा महिने आहेत. गंज डाव्या दाराखाली आहे आणि हौद्याच्या कोपऱ्यात, आणि तो लपवलेला नाही. ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी शेवटचे दोन इंच हाताने वर ओढावी लागते.

पैसे घ्यायला ते तयार नव्हते. आजी बाहेर आल्या आणि पाच मान म्हणाल्या. आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं, पण आजी माझ्याकडे बघत होत्या. फुकट दिलेली गाडी हे लोक रोज परत द्यायला येतील, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

नावावर करायचं काम अर्ध्या दिवसात झालं. केइ गाड्यांचं कार्यालयच वेगळं असतं, कागद थोडे, आणि आमच्यासारख्या खेड्यात गाडी उभी करायची जागा दाखवणारा दाखलाही लागत नाही, जो टोकियोत गाडी घेताना पहिला मागतात. वर्षाचा कर 6,000 येन. गाडी तेरा वर्षांहून जुनी म्हणून थोडा जास्त, नव्या गाडीला पाच हजार. मी किल्ली घेऊन केबिनमध्ये बसले तर सनवायझरला अडकवलेली छाटणीची कात्री, दाराच्या खणात गुंडाळलेला टॉवेल, आणि रेडिओ हवामानाच्या बातम्यांवर. सीट इतकी पुढे होती की माझे गुडघे डॅशबोर्डला लागले. मी सीट मागे सरकवली नाही. दोन दिवस तशीच चालवली आणि मग पाठ दुखायला लागल्यावर सरकवली.

या नोव्हेंबरात बाग आजोबांचीच होती, पण ट्रक माझा. ते माझ्या शेजारी बसायचे. चढावर मी दुसऱ्या गिअरला उशीर केला की त्यांचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जिथे क्लच नव्हता तिथे. माझा डावा हात गिअरवरच असायचा. त्यांनी कधी काही म्हटलं नाही.

शेवटच्या दिवशी सतरा क्रेट चढली आणि अठरावं उरलं. मी आजोबांकडे बघितलं. ते म्हणाले, ते मांडीवर घेतो. मी म्हटलं, "तुम्ही बसलात तर जड होईल." हे त्यांचंच वाक्य, त्यांना परत. ते मोठ्याने हसले, मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाले, "कायद्यात सामानावर लक्ष ठेवायला एक माणूस हौद्यात बसवता येतो, माहीत आहे?" खरंच येतो. इथल्या वाहतूक कायद्यात तशी सोय आहे. मी म्हटलं, पण वजन? ते म्हणाले, तीन क्रेट खाली ठेव, परत येऊ. बागेतलीच वाट, सगळं मिळून दोनशे मीटर. मी तीन क्रेट उतरवली. चौऱ्याऐंशीचे, आता पंच्याऐंशीचे आजोबा फाळक्यावर एक हात टेकून हौद्यात चढले, तोरिइला पाठ लावून सफरचंदांत बसले आणि पाय लांब केले.

मी केबिनमध्ये बसले, गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि थांबले. मागे बघायला आरसा होता, पण त्यात फक्त लाल क्रेट दिसत होती.

टपावर दोन थापा पडल्या. डबल बेल. मी क्लच सोडला.